ग्रहांचं संगीत करायचंय? आधी सूर सोड, सम शोध

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दात मांडतो म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे पक्कं होईल. तू ट्रॅपिस्ट-१ या दूरच्या ताऱ्याच्या सात ग्रहांचे फेरीचे काळ घेतलेस, ते उलटे करून फ्रिक्वेन्सी काढलीस, ऐकू येईपर्यंत दुप्पट-दुप्पट करत नेलीस, सातही एकदम लावलेस आणि मिरवणुकीतला जनरेटर बंद पडताना करतो तसा आवाज आला. आता तुला विचारायचंय की डेटा चुकला का, की सगळे आकडे सरळ ३:२, ४:३ असे गोल करून टाकू आणि तसं केलं तर ती चीटिंग होईल का. आणि तिसरं म्हणजे आईच्या योगा क्लासमधल्या काकू म्हणतायत की पृथ्वीचा सूर १३६.१ हर्ट्झ आहे, तोच खाली ड्रोन म्हणून, म्हणजे तानपुऱ्यासारखा सतत चालू राहणारा सूर म्हणून ठेव.

मी मूळचा तबल्याचा माणूस, नंतर साउंडमध्ये आलो, वीसेक वर्षं पार्श्वसंगीत करतोय आणि हा ग्रहांचा नाद २०१७ पासून लागलाय. त्यामुळे उत्तर लांब होणारे, चहा घेऊन बस.

डेटा अजिबात चुकलेला नाही. ग्रहांची नावं बी ते एच अशी अक्षरांची, आणि त्यांचे काळ दिवसांत असे आहेत: बी १.५११, सी २.४२२, डी ४.०४९, ई ६.१०१, एफ ९.२०८, जी १२.३५२, एच १८.७७३. (हे सगळे चाळीसेक प्रकाशवर्षांवरच्या एका छोट्या लाल ताऱ्याभोवती, आपल्याकडून बघितलं तर कुंभ राशीत, फेब्रुवारी २०१७ मध्ये सातही जाहीर झाले तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता.) सगळ्यात संथ एच, त्याची फ्रिक्वेन्सी २७ वेळा दुप्पट केली की ८२.७५ हर्ट्झ येते, म्हणजे पांढरी तीनचा खर्जातला सा धर, आणि त्याच हिशोबाने सगळ्यात चपळ बी जातो १०२८ वर. सगळी मिळून साडेतीन सप्तकांपेक्षा थोडं जास्त, पेटीत जेमतेम बसेल न बसेल इतकं.

आता सगळीकडे लिहिलेलं असतं की या ग्रहांच्या फेऱ्या २४:१५:९:६:४:३:२ या प्रमाणात आहेत, म्हणजे एच दोन फेऱ्या मारतो तोवर जी तीन, एफ चार, ई सहा, डी नऊ, सी पंधरा आणि बी चोवीस. हे जर खरोखर तंतोतंत असतं ना तर तुला काय मिळालं असतं बघ: एच सा, जी त्याचा पंचम, एफ वरचा सा, ई त्याच्यावरचा पंचम, डी शुद्ध रे, सी शुद्ध नी आणि बी पुन्हा पंचम. सा रे प नी, सगळे शुद्ध, एकही वाकडा स्वर नाही. मध्यम आला असता तर मी सारंग म्हणालो असतो. पण ते तंतोतंत नाहीये, इथेच तुझा जनरेटर आहे. जी आणि एच मध्ये १.५ च्या जागी १.५२ आहे. सेंटमध्ये मोजलं (एका अर्ध्या स्वराचे शंभर भाग) तर पंचम जवळपास २३ सेंट चढा, म्हणजे आपल्या प्रमाणश्रुतीएवढा (सुराची सगळ्यात बारीक पायरी). मग एफ, म्हणजे वरचा सा, ३३ सेंट चढा, आणि असं चढत चढत बी पर्यंत पोचलास की ६० सेंट, म्हणजे तो पंचम राहिलाच नाही, कोमल धैवताच्या जास्त जवळ गेला. वरचा सा ३३ सेंट चढा असेल तर तानपुऱ्याची कुठली जवारी तुला वाचवणार? एच चा दुसरा हार्मोनिक (त्याच्याच दुप्पट फ्रिक्वेन्सीचा उपसूर) १६५.५ वर आणि एफ १६८.७ वर, दोघं एकमेकांवर घासून सेकंदाला तीनपेक्षा थोडं जास्त, ३.२ वेळा घोंगावतात. हा ३.२ आकडा कुठेतरी लिहून ठेव, पुढे लागणार आहे आणि तेव्हा मजा येणार आहे.

गोल करून टाकण्याबद्दल सांगतो, कारण तो प्रकार मी केलेला आहे. २०१७ च्याच उन्हाळ्यात मी हे सगळे आकडे मस्त गोल केले, सात स्वर सुरात लावले, प्रत्येक ग्रहाची फेरी पूर्ण झाली की त्याचा स्वर वाजणार असं लावलं आणि एका कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनात मोठ्या ऐटीत वाजवलं. लोकांना आवडलं. पण एक फिजिक्सचे मास्तर शेवटी शांतपणे म्हणाले की छान आहे, पण हे तुमचं आहे, ग्रहांचं नाही. लागलं मला ते. त्यात भर म्हणून आमचे तबल्याचे सर घरी आले असताना त्यांना ऐकवलं, तर पाच मिनिटं डोळे मिटून ऐकून म्हणाले, अरे हे सातही जण सोलो वाजवतायत, संगत कोणीच कोणाची करत नाहीये.

सरांना खगोलातलं काही कळत नव्हतं, पण त्या वाक्याने माझं काम झालं. कारण मी ऐकत होतो प्रत्येक ग्रहाची फेरी, आणि ग्रहांना एकमेकांच्या फेऱ्यांशी काही देणंघेणं नसतं. त्यांना एकमेकांचं अस्तित्व जाणवतं ते एकाने दुसऱ्याला आतून ओव्हरटेक करताना, दोघं ताऱ्याच्या एकाच बाजूला एका रेषेत येतात तेव्हा, म्हणजे आपल्या भाषेत युती. तेव्हाच ते सगळ्यात जवळ असतात आणि तेव्हाच एकमेकांना खरा हिसका देतात.

गुरूचे चंद्र घे आधी, तिथे समजायला सोपं. आयो १.७६९ दिवस, युरोपा ३.५५१, गॅनिमीड ७.१५५. म्हणजे गॅनिमीड ठाय (मूळ लय) वाजवतोय, युरोपा दुगुन (दुप्पट), आयो चौगुन (चौपट). पहिल्या वर्षाचा विद्यार्थी हातावर टाळी देऊन करतो तेच. पण कॅल्क्युलेटर काढ आणि बघ, दुगुन नीट नाहीये, युरोपाची दुप्पट ७.१०२ येते, ७.१५५ नाही. आता युत्यांचा काळ काढ. सूत्र साधं आहे: दोघांच्या काळांचे उलटे घ्यायचे, वजाबाकी करायची, परत उलटं करायचं. आयो-युरोपा युती दर ३.५२५ दिवसांनी. युरोपा-गॅनिमीड युती दर ७.०५१ दिवसांनी. बरोब्बर दुप्पट! फेऱ्यांची लय गळकी, भेटींची लय पक्की. आणि अजून एक गंमत म्हणजे युरोपा आणि गॅनिमीड एका रेषेत येतात तेव्हा आयो नेमका गुरूच्या पलीकडच्या बाजूला असतो, त्यामुळे ठाय-दुगुन-चौगुन चालू आहे पण तिघांची मिळून एक सम (आवर्तनाची पहिली मात्रा, जिथे सगळे एकत्र येतात) कधीच येत नाही. कधीच म्हणजे कधीच. हे लाप्लासने अठराव्या शतकात गणिताने दाखवलं. मला विचारशील तर जगातलं सगळ्यात ताणून धरलेलं आवर्तन आहे ते.

आता हेच ट्रॅपिस्टला लाव. शेजारच्या जोड्यांच्या युत्या काढल्या की येतं: बी-सी दर ४.०१६ दिवसांनी, सी-डी ६.०२७, डी-ई १२.०४, ई-एफ १८.०८, एफ-जी ३६.१७, जी-एच ३६.१२. आता पहिल्याला नऊने गुण, दुसऱ्याला सहाने, तिसऱ्याला तीनने, चौथ्याला दोनने. ३६.१४, ३६.१६, ३६.१२, ३६.१७. सगळे छत्तीस पूर्णांक एक-दोन दशांशावर! आणि तुलनेला ग्रहांच्या फेऱ्या बघ: बी च्या चोवीस फेऱ्या ३६.२६ दिवसांत होतात आणि एच च्या दोन ३७.५५ मध्ये, म्हणजे जवळजवळ सव्वा दिवसाची फट. मी हे पहिल्यांदा एका पाकिटाच्या मागे लिहून काढलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि मी खरंच खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारल्या. आवर्तन सापडलं होतं ना. छत्तीस दिवसांचं, त्यात भेटी ९, ६, ३, २, १, १.

पण मग फेऱ्या का चुकतायत? याला मी रिंगणाचं उदाहरण देतो, पुस्तकी भाषेत सांगितलं की झोप येते. वारीतलं गोल रिंगण डोळ्यासमोर आण, सात जण वेगवेगळ्या वर्तुळात धावतायत, आतले जोरात, बाहेरचे सावकाश. आता समज की ते अख्खं मैदानच एका प्रचंड फिरत्या पाटावर आहे आणि तो पाट अगदी हळू, उलट्या दिशेने फिरतोय. बाहेर झाडावर चढून बसलेला माणूस फेऱ्या मोजेल तर प्रत्येकाची फेरी थोडी थोडी कमी भरेल, कारण पाट प्रत्येकाला सारखंच मागे नेतोय. पण कोण कोणाला किती वेळा ओव्हरटेक करतो हे मोजलं तर पाट फिरला काय न फिरला काय, आकडा तोच. आता ३६.१४ दिवसांत प्रत्येकाच्या फेऱ्या मोजून बघ. बी २३.९२, सी १४.९२, डी ८.९३, ई ५.९२, एफ ३.९३, जी २.९३, एच १.९३. प्रत्येकजण, सातच्या सात, आपल्या पूर्णांकापेक्षा साधारण ०.०७५ फेरीने कमी. २७ अंश. कोणी बेसूर नाहीये रे, मैदान फिरतंय!

म्हणजे तुझ्या चीटिंगच्या प्रश्नाचं उत्तर असं: झाडावर बसून मोजणार असशील आणि वर आकडे गोल करणार असशील तर चीटिंग. पाटावर उभा राहून मोजलंस तर २४:१५:९:६:४:३:२ आपोआप येतं, गोल करायची गरजच पडत नाही. मी प्रदर्शनात वाजवलं ते स्वर बरोबर होते पण ते बरोबर का आहेत हे मला सांगता आलं नाही, आणि पाटाचं फिरणं मी चक्क फेकून दिलं होतं. मास्तरांचं खरं होतं.

आता तो ३.२ काढ. पाटाने प्रत्येकाच्या फेऱ्या सारख्याच आकड्याने कमी केल्या, गुणाकाराने नाही, वजाबाकीने. म्हणजे तुझ्या सातही फ्रिक्वेन्सीमधून सारखेच हर्ट्झ वजा झालेत. किती? हिशोब केलास तर ३.२ येतात, जो घोंगाट तुला ऐकू येत होता नेमका तोच आकडा. तुझ्या सातही आवाजांवर एकच फ्रिक्वेन्सी शिफ्टर टाक (पिच शिफ्टर नाही हं, तो गुणाकार करतो, इथे बेरीज करणारा पाहिजे) आणि +३.२ हर्ट्झ दे. एच होतो ८५.९५, एफ १७१.९, बी १०३१.४. भागून बघ, २ आणि १२. सगळं सुरात. माझ्यासाठी हा सगळ्या प्रकरणातला सगळ्यात भारी क्षण आहे, ती नॉब शून्यापासून हळूहळू ३.२ कडे नेताना घोंगाट संथ संथ होत जातो आणि एका ठिकाणी एकदम सातही आवाज एकमेकांत बसतात, तानपुऱ्याचा मणी सरकवताना बसतात तसे. फक्त साधे साइन किंवा वरचे हार्मोनिक नसलेले आवाज वापर, नाहीतर शिफ्टर हार्मोनिक वाकडे करतो आणि परत जनरेटर चालू. हार्मोनिकवाले आवाज हवेच असतील तर आधी फ्रिक्वेन्सीत ३.२ मिळव आणि मग आवाज बनव.

साखळी इतकी पक्की आहे की तिच्यावरून माणसांनी भाकीत केलं. सुरुवातीला एच ताऱ्यासमोरून जाताना एकदाच दिसला होता, त्याचा काळ नक्की नव्हता. मग आतल्या ग्रहांच्या तिघा-तिघांच्या नात्यावरून काढलं की हा अठरा पूर्णांक पाऊणच्या आसपास असला पाहिजे, आणि केप्लर दुर्बिणीच्या डेटात तो तिथेच सापडला. तिहाईचे (समेवर येण्यासाठी तीनदा वाजवायचा तुकडा) दोन पल्ले ऐकले की तिसरा कुठे संपणार हे आपल्याला कळतं ना, तसंच.

त्या १३६.१ चं आता पटकन. आकडेमोड खरी आहे, वर्षाचे सेकंद साधारण ३ कोटी १५ लाख ५७ हजार, उलटे केले, ३२ वेळा दुप्पट केले की १३६.१ येतात. स्वित्झर्लंडच्या हान्स कूस्टो यांनी १९७८ मध्ये ही पद्धत मांडली. काळी एकपेक्षा जरा उतरलेला सूर. पण बत्तीस वेळा दुप्पट करायची मुभा असली की कुठलाही काळ कुठल्यातरी सुरात येऊन पडणारच. दर चार मिनिटांनी एक लोकल येते असं धर, २४० सेकंद, पंधरा वेळा दुप्पट कर. १३६.५! म्हणजे सकाळच्या गर्दीतली लोकल आणि काकूंचा पृथ्वीचा सूर एकाच सुरात, पाच सेंटचा फरक. काकूंना सांगू नकोस, पण वाईटही वाटून घेऊ नकोस, तो सूर ध्यानाला छान आहे, तंबोरा त्यात लावायला हरकत काहीच नाही. फक्त तुझ्या पीसमध्ये त्याचं काम नाही, कारण पृथ्वीचा आणि ट्रॅपिस्टचा काय संबंध?

आपल्या सूर्यमालेचं करून बघू का असंही तू शेवटी विचारलंयस. बघ, पण निराश होशील. बुध ते नेपच्यून मिळून साडेनऊ सप्तकं होतात, माणसाचा कान संपतो जवळजवळ. लयीत घेतलं तर बुध सेकंदाला एक मात्रा देईल तेव्हा नेपच्यूनची एक टाळी ११ मिनिटं २४ सेकंदांनी. आणि इथे सगळ्यांना बांधणारी अशी साखळी नाहीच. शुक्र-पृथ्वी आठ वर्षांत तेरा फेऱ्या आणि पाच युत्या, तेवढी एक आठात तेराची लयकारी कामाची आहे. गुरू-शनी युती वीस वर्षांनी एकदा येते, २१ डिसेंबर २०२० ला झाली ती (राजकारणातली महायुती नव्हे), पण त्यांचं ५:२ हे जवळजवळ आहे, अडकलेलं नाही.

सूर्यमालेत मजा वेगळ्या ठिकाणी आहे आणि ती केप्लरला १६१९ मध्येच सापडली होती. त्याने फेरीचे काळ घेतलेच नाहीत. ग्रह सूर्याच्या जवळ असताना जोरात पळतो, लांब असताना रेंगाळतो, तर सूर्यावरून बघितलं तर एका दिवसात तो किती कोन सरकतो याचा सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकडा घेतला आणि त्यांचं गुणोत्तर काढलं. शनी ५:४, म्हणजे सा ते शुद्ध ग. गुरू ६:५, सा ते कोमल ग. मंगळ ३:२, सा ते प. पृथ्वी १६:१५, सा ते कोमल रे, बस एवढंच, बिचारी जन्मभर अर्ध्या स्वरात कण्हत बसलीये. केप्लरनेही गंमत केली की पृथ्वी मी-फा-मी गाते कारण इथे दुःख आणि भूक आहे, लॅटिनमध्ये ते शब्द मी आणि फा ने सुरू होतात. आणि बुध सप्तक ओलांडून कोमल गंधारापर्यंत. आपल्या कानाने बघ हे काय आहे, ही सरळ मींड आहे, एका सुरातून दुसऱ्यात न तुटता घसरत जाणं! पेटीवर येणारच नाही, सारंगी पाहिजे. आकाशात प्रत्यक्ष आवाज नाही हे त्यानेच लिहून ठेवलंय, त्यामुळे त्याला भोळा समजू नकोस, त्याच पुस्तकात त्याचा तिसरा नियम आहे. संगीतकार लॉरी स्पीगलने त्याच्या आकड्यांवरून कॉम्प्युटरवर बनवलेले आवाज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर गेले, आणि त्याच तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे. गोव्यातल्या केरी गावच्या बाईंचा आवाज आणि ग्रहांची मींड एकाच तबकडीत सूर्यमालेच्या बाहेर चाललेत, हे मला दर वेळी सांगावंसं वाटतं, विषय असो नसो. पण ट्रॅपिस्टच्या कक्षा जवळजवळ गोल आहेत, तिथे मींड मिळणार नाही. तिथे लयच.

अजून एक, कोणीतरी तुला एचडी ११००६७ सुचवेल, २०२३ मध्ये आलेली सहा ग्रहांची माला, शंभरेक प्रकाशवर्षांवर. ३:२, ३:२, ३:२, ४:३, ४:३. ती इतकी सुरात आहे की पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळी चूक मिळून तीन सेंटसुद्धा होत नाही, मला एवढा तानपुरा लावता येत नाही. बाहेरून आत येत गेलं की सा, म, कोमल नी, वरचा म, वरचा सा, प. ऐकायला गोड, पण माझं वैयक्तिक मत, दोन मिनिटांत कंटाळा येतो. सरकणारं काहीच नाही त्यात.

आता करायचं कसं. दोन दिवस म्हणजे एक सेकंद असं स्केल धर. छत्तीस दिवसांचं आवर्तन अठरा सेकंदांचं होतं, त्याच्या अठरा मात्रा कर, मात्रेला एक सेकंद, मध्यलयीच्या आसपास. अठरा मात्रांचा लक्ष्मी ताल आपल्याकडे आहेच, पण त्याचा ठेका इथे लावू नकोस, ग्रहांना त्यांचा ठेका करू दे. बी-सी युती दर दोन मात्रांनी, सी-डी तीन, डी-ई सहा, ई-एफ नऊ, आणि एफ-जी, जी-एच प्रत्येकी अठरा मात्रांतून एकदा. बी-सी ला किनारीचा बारीक 'ना', सी-डी ला 'तिं', असं खाली येत येत बाहेरच्या दोन जोड्यांना डग्ग्याचे लांब 'घे', एक थोडा वर एक खाली. टोरांटोच्या काही लोकांनी २०१७ मध्ये याच ग्रहांचं जे संगीत केलं होतं त्यातही ओव्हरटेकला ड्रमचा ठोका होता, तेव्हा ही कल्पना माझी एकट्याची आहे असं म्हणत नाही.

मोठी चूक जी सगळे करतात आणि मीही केली: सगळ्यांची सुरुवात शून्यावरून करणं. तसं केलंस की पहिल्या क्षणी सातही ग्रह एका रेषेत, धडाम, आणि दर अठरा मात्रांनी तेच धडाम, ठोकळा. प्रत्येक ग्रह ताऱ्यासमोरून कधी गेला याच्या वेळा प्रसिद्ध आहेत, त्यावरून प्रत्येकाचा सुरुवातीचा कोन काढ आणि तिथून सुरू कर. मग युत्या मात्रेवर पडणार नाहीत, कोणी मात्रेच्या जरा आधी, कोणी जरा नंतर, पण दर आवर्तनाला त्याच जागी. आपल्या तालशास्त्राच्या दशप्राणांत (तालाची दहा मूलतत्त्वं) याला शब्दच आहे, आणि तो शब्द आहे 'ग्रह'! समग्रह, अतीतग्रह, अनागतग्रह. तालाची सम आणि गाण्याची उचल यांचं नातं. जुन्या लोकांच्या मनात तेव्हा आकाशातले ग्रह नव्हते, पण आपण फायदा घ्यायला हरकत काय.

क्वांटाइझ (ठोके आपोआप मात्रेवर चिकटवणारी सोय) बंद ठेव. ग्रह एकमेकांना ओढतात म्हणून त्यांच्या वेळा मागेपुढे होतात (यावरूनच त्यांची वस्तुमानं काढलीयत), आणि अर्ध्या तासाचा फरक आपल्या स्केलवर १० मिलिसेकंद होतो, म्हणजे चांगल्या तबलजीच्या हातात असतो तेवढाच. तू प्लगइनमधलं ह्युमनाइझ बटण दाबतोस ते खोटं, हे खरं.

स्वर खाली अगदी बारीक ठेव, प्रत्येक फेरीला तानपुऱ्याची एक छेड, +३.२ वाली. सी चा नी आणि डी चा रे यांनाच जरा पुढे आण, बाकी सगळे सा-प आहेत, ते मागे राहिले तरी चालतात. सगळा पीस स्वरांवर उभा करायचा मोह होईल कारण ते सुरात लागलेत, तो आवर, नाहीतर सर परत म्हणतील सोलो.

आणि पाटाचं फिरणं फेकू नकोस, ते पॅनमध्ये, म्हणजे आवाज डाव्या-उजव्या कानात कुठे ऐकू येतो त्यात घाल. युती ताऱ्याभोवती ज्या कोनात होते तो कोन हेडफोनमधला कोन. मग ठोके तेच, जागा त्याच, पण प्रत्येक आवर्तनात अख्खा ठेका डोक्याभोवती २७ अंश सरकलेला. घाईत ऐकणाऱ्याला कळणारही नाही, तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला उगीच मान वळवावीशी वाटेल. स्टिरिओत पुढचं-मागचं कळत नाही, तर मागे जाताना वरचा ट्रेबल थोडा काप, तेवढं पुरतं, बायनॉरल (हेडफोनमध्ये चहूबाजूंचा भास देणारं) असेल तर उत्तमच. पूर्ण चक्कर व्हायला तेरा आवर्तनं आणि वर थोडं, खरे साधारण ४८० दिवस, आपल्या स्केलवर चार मिनिटं. तिथेच थांबव, म्हणजे सुरुवातीला बी-सी चा 'ना' ज्या कानाजवळ पडला होता तिथेच परत पडताना फेडआउट.